नळाची काचेसारखी धार एकाएकी खरखरीत का होते?

फळा_खडू

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. परवा मधल्या सुट्टीत मुलं टाकीखालच्या नळांवर डबे धूत होती. नववीतली एक मुलगी मात्र डबा बाजूला ठेवून नळ किंचित किंचित फिरवत बसलेली. मागे रांग खोळंबली होती. मी रागवायला गेलो, तर म्हणते, "सर, हे बघा. धार एवढी स्वच्छ आहे की पलीकडचं बोट दिसतंय. आता केसभर फिरवते. गेलं! खरखरीत झाली."

मी नेहमीचं उत्तर दिलं, की वेग वाढला की प्रवाह खळबळतो. त्यावर तिनं नळ अगदी नेमक्या जागी आणून सोडला आणि हात मागे घेतला. धार स्वच्छ होती, मग क्षणभर खरखरीत झाली, परत स्वच्छ. पुन्हा खरखरीत. नळाला कुणी हात लावत नव्हतं. "सर, वेग तर तोच आहे. मग पाण्याला कसं कळतं आता बदलायचं ते? आणि हे सुरू कुठून होतं, मधून की कडेनं?"

मला सांगता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली. प्रवाह कधी खळबळतो याचा एकात २००० आकडा, दुसऱ्यात २३००, तिसऱ्यात '२००० ते ४००० च्या दरम्यान'. पाणी उकळायचा आकडा सगळीकडे एकच असतो, मग या एका गोष्टीबद्दल पुस्तकांचं एकमत का नाही? पोरीला सोमवारी उत्तर द्यायचंय. जाणकारांनी हात द्यावा.

हरिपूरकर

एक नंबर प्रश्न. रोज संध्याकाळी संगमावर जातो, पण पाण्याकडे इतक्या बारकाईनं कधी बघितलं नव्हतं. वाचतोय.

पाटकरी

सर, पाटबंधाऱ्याच्या कामात उभं आयुष्य गेलं, म्हणून आधी हिशेब मांडतो. पुस्तकी शब्द आहेत स्तरीय प्रवाह आणि संक्षुब्ध प्रवाह. साइटवर आम्ही लॅमिनार आणि टर्ब्युलंटच म्हणायचो.

पाण्यात दोन गोष्टींची ओढाताण चाललेली असते. एक म्हणजे वेगामुळे पुढे रेटण्याचा जोर, दुसरी म्हणजे चिकटपणा, जो शेजारच्या थरांना धरून ठेवतो आणि उठलेली हालचाल दाबून टाकतो. या दोहोंचं गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स अंक. वेग गुणिले पाइपचा व्यास, भागिले चिकटपणा (घनतेनं भागलेला). गुऱ्हाळावर काकवी ओततात तेव्हा तिच्यात कधी खळबळ दिसते का? चिकटपणाच एवढा की अंक वर चढतच नाही.

आता तुमचा नळ घ्या. अर्ध्या इंचाचा पाइप म्हणजे धरा १५ मिमी. पाणी २५ अंशांचं. अंक २३०० व्हायला वेग लागतो सेकंदाला फक्त १४ सेंमी. म्हणजे १ लिटरचा तांब्या भरायला साधारण ४० सेकंद. त्यापेक्षा लवकर भरत असेल तर पाइपातलं पाणी बहुतेक खळबळलेलं आहे. मुलांना तांब्या आणि घड्याळ घेऊन बसवा, आकडा हाताला लागेल.

नट_बोल्ट

काका, हिशेब बरोबर असेल, पण माझं विट्याला प्लंबिंगचं दुकान आहे म्हणून सांगतो. निम्म्या नळांच्या तोंडाला जाळी असते. ती हवा मिसळते आणि धार पांढरी करते. गिऱ्हाईक म्हणतं पाण्याला जोर आलाय, असती ती हवा. आधी जाळी काढा, मग विज्ञान.

दुसरं, धार खाली जाऊन थेंब थेंब होते ते निराळं. ते पाण्याच्या पृष्ठताणामुळे होतं, त्याचा खळबळीशी संबंध नाही. तिसरं म्हणजे नळाची चकती. नळ अर्धवट उघडा असताना पाणी चकतीच्या फटीतून घुसतं आणि तिथंच ढवळून निघतं. शाळेच्या नळावर मोजून काढलेला आकडा नळाचा असेल, पाण्याचा नव्हे.

फळा_खडू

@नट_बोल्ट दादा, जाळी नाहीये, साधी पितळी तोटी आहे. पण चकतीचा मुद्दा मनाला लागला. म्हणजे पाणी आधीच डिवचलेलं बाहेर येतंय. न डिवचलेलं पाणी घेतलं तर?

प्रयोगवही

सर, तुम्ही शेवटच्या ओळीत नेमका तोच प्रश्न विचारलात. पुस्तकांचं एकमत का नाही, याचं उत्तर त्यातच आहे. मी मूळची साताऱ्याची, सध्या बाहेरगावी याच विषयात संशोधन करते. जरा सविस्तर लिहिते.

१८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मोठ्या टाकीत काचेची नळी आडवी बसवली. तिच्या तोंडाला कर्ण्यासारखा पसरट आकार दिला, म्हणजे पाणी आत शिरताना कडेला अडखळणार नाही. टाकीतलं पाणी तासन् तास निवू दिलं. मग तोंडाशी रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना रंगाचा दोरा सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वेग वाढवत गेल्यावर एका टप्प्याला दोरा थरथरला आणि सगळ्या नळीत रंग पसरला. विजेच्या ठिणगीच्या उजेडात बघितल्यावर त्या पसरलेल्या रंगात वेगळे वेगळे भोवरे दिसले.

हे बहुतेक पुस्तकांत असतं. पुढचं नसतं. त्यांच्याच लक्षात आलं की पाणी जितकं शांत, तितका उंबरठा वर सरकतो. त्यांना १३,००० च्या आसपास जाईपर्यंत प्रवाह स्तरीय ठेवता आला होता. त्यांचं उपकरण मँचेस्टर विद्यापीठात अजून आहे. पुढे त्याच उपकरणावर प्रयोग परत केला तेव्हा एवढा वरचा आकडा आला नाही, कारण बाहेरच्या रस्त्यावर गाड्या वाढल्या होत्या आणि इमारतच हादरत होती. विसाव्या शतकात फार काळजी घेऊन केलेल्या प्रयोगांत हा आकडा १ लाखापर्यंत नेला गेला.

म्हणजे सरळ गोल नळीतला प्रवाह स्वतःहून मोडत नाही. अगदी बारीक तरंग त्यात सोडला तर तो वाढत नाही, विरतो. वाटेल तेवढा वेग असला तरी विरतो असंच गणित दाखवतं. मोडायला पुरेसा मोठा धक्का लागतो. वेग जितका जास्त, तितका तो धक्का लहान पुरतो. नळाची चकती, पाइपचा सांधा, आतलं किटण, शेजारून गेलेला ट्रॅक्टर, यांतलं काहीही चालतं. २३०० हा आकडा रोजच्या पाइपांचा, रोजच्या धक्क्यांसकटचा. म्हणून प्रत्येक पुस्तकात वेगळा.

बागायतदार_पलूस

ताई, लई दिवसांचं कोडं सुटलं. ठिबकचं ऐका. इनलाइन लॅटरल (ड्रिपर आतच बसवलेली ठिबकची नळी) उभी चिरून बघा एकदा. आत ड्रिपरची जी प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्यावर नागमोडी वाट कोरलेली असते, करवतीच्या दातांगत. मी आधी समजायचो की पाणी कमी यावं म्हणून ही वाट लांबवली आहे. कृषीच्या एका साहेबांनी सांगितलं, की ती मुद्दाम खळबळ करायला आहे.

का, तर खळबळलेल्या वाटेत दाब दुप्पट झाला तरी पाणी दीडपटीलाही पोचत नाही. शांत वाटेत दाब दुप्पट तर पाणी दुप्पट. माझी बाग उताराची. जुन्या मायक्रोट्यूब (साध्या बारीक नळ्या) होत्या तेव्हा खालच्या ओळीत चिखल आणि वरच्या ओळीत तहान. शिवाय मायक्रोट्यूबमधनं दुपारी पाणी जास्त यायचं. काळी नळी तापती, पाणी पातळ होतं आणि पळतं. नागमोडी ड्रिपरला सकाळ-दुपार फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. आणि खळबळीमुळं गाळही वाटेत बसत नाही.

पाटकरी

@बागायतदार_पलूस, फार चांगलं उदाहरण. तुमच्या ४ लिटरच्या ड्रिपरचा हिशेब केला. वाट साधारण १ मिमीची धरली तर अंक येतो १,२०० च्या आसपास. उंबरठ्याच्या बराच खाली! तरी खळबळ, कारण प्रत्येक दातावर पाण्याला नवा धक्का बसतो. ताई म्हणतात ते धक्क्याचं इथं उघड दिसतं. सरळ वाट असती तर तेच पाणी गुमान गेलं असतं.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण तिचं बिल शेतकरी भरतो. विहिरीवरनं तीन इंची पाइपनं पाणी आणता तेव्हा अंक लाखाच्या घरात असतो. तिथं पाणी दुप्पट हवं तर घर्षणाचा भार साडेतीन-चार पट होतो. स्तरीय असतं तर दुपटीवर भागलं असतं. म्हणून म्हणतो, मोटार मोठी घेण्याआधी पाइप एक माप मोठा घेऊन बघा.

भडंग_प्रेमी

क्रिकेटवाल्यांनो, स्विंग हाच प्रकार ना? शिवणीवरनं हवा खळबळते?

प्रयोगवही

@भडंग_प्रेमी, हो. तिरकी शिवण एका बाजूची चेंडूलगतची हवा खळबळवते. खळबळलेला थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो, गुळगुळीत बाजूचा लवकर सुटतो, म्हणून चेंडू शिवणीच्या दिशेनं वळतो. फार वेगवान चेंडूवर दोन्ही बाजू शिवणीआधीच खळबळतात आणि मग शिवण उलटं काम करते. तो रिव्हर्स. क्रिकेटचा वेगळा धागा काढा, तिथं येते मी.

हरिपूरकर

मला एक सांगा. उन्हाळ्यात आमच्या इथं कृष्णा एवढी शांत असते की देवळाचं प्रतिबिंब हलत नाही. वारणा येऊन मिळते तिथंही पाण्यावर सुरकुती नसते. ते तरी स्तरीय म्हणायचं की नाही?

पाटकरी

नाही म्हणायचं. वाईट वाटून घेऊ नका. खोली २ मीटर आणि वेग सेकंदाला १० सेंमी धरला तरी अंक २ लाखांच्या वर जातो. उघड्या पात्रात खोलीवर मोजलेला उंबरठा काही शेंच्या घरात असतो. २ मीटर खोल नदी स्तरीय वाहायची तर पाणी मिनिटाला दीड सेंमीहून हळू सरकायला हवं. गोगलगाय त्याच्यापुढं जाईल. वरनं आरसा दिसतो, पण आत भोवरे फिरतच असतात. पोहायला उतरणाऱ्या पोरांना हे जरूर सांगा, शांत दिसतंय म्हणून आत शांत नसतं. आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांवर गेली की सगळी सांगली पाणी बघायला जाते. मला तर नदी उन्हाळ्यात जास्त बघावीशी वाटते.

हरिपूरकर

२००५ आणि २०१९ चे दोन्ही महापूर बघितलेत काका. ४५ फूट धोक्याची पातळी म्हणतात, त्याच्या वर गेलेलं पाणी घरात आलं की त्यात भोवरे मोजायचं बळ राहत नाही. पण उन्हाळ्याचं तुमचं पटलं. उद्या पाण्यात पान सोडून बघतो.

(दुसऱ्या दिवशी) पान सोडलं. सरळ जातंय असं वाटलं. मग एकाशेजारी एक पाच पानं सोडली. वीस पावलांवर पाचांची तोंडं पाच दिशांना, दोन मागं राहिली. वरनं पाणी आरशासारखंच होतं.

मिरज_ओपीडी

धागा उशिरा बघितला. मी मिरजेत वैद्यकीय व्यवसाय करतो, हृदयरोग हा विषय. खळबळ ऐकणं हेच आमचं रोजचं काम आहे असं म्हटलं तरी चालेल. स्तरीय प्रवाहाला आवाज नसतो. झडप अरुंद झाली की तिथून रक्त वेगानं घुसतं, पुढे भोवरे होतात, आणि ते स्टेथोस्कोपला फुसफुसल्यासारखे ऐकू येतात. त्यालाच आम्ही मर्मर म्हणतो.

महाधमनीत सरासरी रेनॉल्ड्स अंक १,००० ते १,५०० असतो, पण प्रत्येक ठोक्याच्या टोकाला तो ४,००० च्या वर जातो. तरी निरोगी माणसात रक्त बहुतेक वेळ शिस्तीत वाहतं, कारण तो टोकाचा क्षण फार छोटा असतो आणि वेग वाढत असताना खळबळ सहसा जोर धरत नाही. @पाटकरी काका, तुमचं चिकटपणाचं सूत्र इथंही दिसतं. रक्तक्षय झालेल्या बाईचं रक्त पातळ असतं आणि हृदय ते जास्त जोरानं फिरवतं. दोन्हींमुळे अंक वाढतो. झडप धडधाकट असूनही मर्मर ऐकू येतो, आणि हिमोग्लोबिन भरून आलं की जातो. घाबरून आलेल्या एका माऊलीला मी नळाचंच उदाहरण देऊन समजावलं होतं.

सर, मुलांना प्रयोग करून दाखवायचा असेल तर रंग सोडायला सलाइनची नळी आणि बोथट सुई माझ्याकडून घेऊन जा. चाक फिरवून रंग कमी-जास्त करता येतो.

फळा_खडू

डॉक्टरसाहेब, देव पावला! शनिवारी मिरजेला येतो. काचेची नळी कुठून आणायची याचा विचार चालू होता, तेवढ्यात शाळेच्या भिंतीचं काम करणाऱ्या गवंडीमामांच्या हातात लेव्हल पाइप दिसला. पारदर्शक, आतून १० मिमी. चालेल ना?

प्रयोगवही

उत्तम चालेल. तीन गोष्टी सांभाळा. पाइप पट्टीला बांधून अगदी सरळ ठेवा. वेटोळ्यात प्रवाह उलट जास्त वेळ स्तरीय राहतो, आकडा फसवेल. तोंडाला प्लॅस्टिकच्या बाटलीचा गळा कापून कर्ण्यासारखा बसवा. आणि वरच्या बादलीतलं पाणी रात्रभर ठेवा.

उदबत्तीच्या धुराचं कुणी विचारायच्या आत सांगते, कारण वर्गात तो प्रश्न येणारच. तो धूर आधी सरळ चढतो आणि मग वळवळतो, तिथली गोष्ट वेगळी आहे. काही प्रवाहांत बारीक तरंग आपोआप वाढतात, बाहेरच्या मोठ्या धक्क्याची गरज नसते. सपाट पृष्ठालगतच्या हवेबद्दल टॉलमीन यांनी १९२९ साली हे गणितानं मांडलं. बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं, कारण कुठल्याच वातबोगद्यात (विंड टनेलमध्ये) असे तरंग दिसत नव्हते. १९४० च्या दशकात अमेरिकेत शुबाउअर आणि स्क्रॅमस्टॅड यांनी फारच शांत वातबोगदा वापरला, धातूची बारीक फीत थरथरवली आणि ते तरंग मोजून दाखवले. आधीच्या बोगद्यांतली हवाच एवढी अशांत होती की तरंगांच्या आधीच सगळं मोडून जायचं.

आपल्याकडचंही सांगायला हवं. पृष्ठालगतचा थर मोडतो तेव्हा तो सगळीकडे एकदम मोडत नाही, खळबळीचे ठिपके उमटतात, ते पसरत पसरत एकमेकांत मिसळतात. हे ठिपके १९५१ साली एमन्स यांनी पाण्याच्या पातळ थरात बघितले. ठिपके कुठं, किती उमटतात आणि एखाद्या जागी किती वेळ खळबळ असते, याचा हिशेब बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९५० च्या दशकात बसवला. तो आजही वापरतात. इस्रोचे धवन म्हणून सगळे ओळखतात, पण या कामासाठीही मुलांना त्यांचं नाव सांगा.

चाळकेवाडी_वारा

पवनचक्क्यांच्या देखभालीवर आहे, म्हणून दोन ओळी. पात्याच्या पुढच्या कडेला किडे आणि धूळ बसली की तोच ठिपक्यांचा प्रकार लवकर सुरू होतो, हवा लवकर खळबळते आणि तेवढ्याच वाऱ्यात वीज कमी निघते. पावसानं पाती धुतली की फरक दिसतो. ताईंचं वाचल्यावर कारण कळलं.

फळा_खडू

मंडळी, प्रयोग झाला. सगळं सांगतो.

आधी हळद वापरली, कारण गावात हळद मुबलक. ती विरघळतच नाही! सुईत अडकली आणि जी गेली ती पाइपच्या तळाला बसली. मग निळी शाई. आठ फूट लेव्हल पाइप दोन झिंक पन्हळींत सरळ बांधला, मागे पांढरा कागद. वरच्या बादलीला ओसंडायला भोक पाडलं, म्हणजे पातळी हलणार नाही. शेवटी चिमटा, त्यानं वेग कमी-जास्त. खाली १ लिटरची मापाची बाटली आणि त्या मुलीच्या हातात घड्याळ.

बाटली ९० सेकंदांत भरत होती तेव्हा निळा दोरा अखंड, आठही फूट. वर्गात कुणी बोलेना. ८० ला तसाच. ७० च्या जवळ आलो आणि दोरा तुटला. सगळा नव्हे! साधारण वीतभर लांबीचा निळा ढग तयार झाला आणि पाइपातून चालत गेला. त्याच्या पुढंही दोरा सरळ, मागंही सरळ. चालत्या माणसाहून हळू, बारा-तेरा सेकंदांत या टोकापासून त्या टोकाला. पोरं त्याच्याबरोबर चालत गेली. तो बाहेर पडला तेव्हा धार खरखरीत झाली, आणि लगेच स्वच्छ.

ती मुलगी ओरडलीच, "सर, लुकलुकत होतं ते हेच!"

मग खिडकीखाली कुणाची तरी मोटारसायकल सुरू झाली आणि लागोपाठ तीन ढग गेले. कर्णा काढून टाकल्यावर ढग वाढले. परत बसवला आणि सगळ्यांना टेबलापासून लांब उभं केलं, तर ४० सेकंदांपर्यंत दोरा टिकला. मी पेन्सिलीनं पाइपला टिचकी मारली आणि सगळं निळं झालं. काकांच्या सूत्रानं अंक काढायला लावला, ७० सेकंदांना २,००० आणि ४० ला ३,५०० च्या आसपास आला. पाइप तोच, पाणी तेच.

पाटकरी

सर, डोळ्यात पाणी आलं वाचताना. आम्ही हे सगळं कोष्टकं बघून केलं. कधी दोरा बघितला नाही.

बागायतदार_पलूस

एक विचारू का? हे ढग डाऊनीगत वाटतात मला. द्राक्षावर डाऊनी रोगाचा ठिपका पडतो, हवा कोरडी असली तर वाळून जातो. दमट असली तर वाळायच्या आत शेजारच्या दोन पानांवर उडतो. मग बाग गेली. एका ठिपक्याकडं बघून काही कळत नाही, वाळणं आधी की उडणं आधी एवढंच बघायचं.

प्रयोगवही

दादा, तुम्ही २०११ सालचा शोध सांगितलात! खरंच. रेनॉल्ड्स यांच्यानंतर सव्वाशे वर्षं हाच प्रश्न लोंबकळत होता, की नळीचा खरा उंबरठा कुठला. युरोपातल्या एका गटानं ते ढग घेतले (इंग्रजीत त्यांना पफ म्हणतात) आणि दोनच गोष्टी मोजल्या. एक ढग विरायला सरासरी किती वेळ लागतो, आणि त्याचे दोन व्हायला किती. वेग वाढवला की विरायचा वेळ भराभर वाढतो आणि दोन व्हायचा वेळ कमी होतो. दोन्ही वेळ सारखे होतात ते अंक २०४० ला. त्याच्या खाली प्रत्येक ढग कधी ना कधी मरतो, वर एकूण ढग वाढत जातात. रोगाची साथ पसरण्याचं जे गणित, त्याच घराण्यातलं हे गणित आहे. उंबरठ्याजवळ हे वेळ इतके लांबतात की एक ढग शेवटपर्यंत बघायचा तर नळी किलोमीटरभरही पुरत नाही, म्हणून असंख्य ढगांचा हिशेब ठेवावा लागला.

सर, पुस्तकांबद्दलचं तुमचं उत्तर आता पूर्ण झालं. ढग उठेल की नाही, हे धक्क्यावर. उठलेली खळबळ टिकून पसरेल की नाही, हे २०४० वर. पुस्तकांत दोन्ही एकाच आकड्यात कोंबलेलं असतं.

आणि मुलीचा दुसरा प्रश्न, मधून की कडेनं? पाइपच्या कडेला पाणी थबकलेलं असतं, मधोमध सरासरीच्या दुप्पट वेगानं पळतं. धक्क्यामुळे लांबट भोवरे उठले की ते कडेचं मंद पाणी मधे उचलतात आणि मधलं वेगवान कडेला ढकलतात. शेजारी शेजारी मंद-वेगवान पट्टे तयार होतात, ते नागमोडी होतात, आणि त्या वळणांतून परत तसेच भोवरे. असं चक्र. ढगाला खाणं पुरवतं ते मागून येणारं शांत पाणी, कारण ते मधे वेगानं येऊन ढगाच्या शेपटीत घुसतं. म्हणून ढग गेल्यावर पाण्याला परत नीट रांगेला लागायला थोडं अंतर लागतं, आणि दोन ढग एकमेकांना खेटून राहू शकत नाहीत. परत प्रयोग केलात तर दोन ढगांमधलं अंतर मोजून बघा.

मिरज_ओपीडी

साथीशी नातं असेल असं वाटलं नव्हतं. याच प्रवाहाच्या समीकरणांवर १० लाख डॉलरचं बक्षीस आहे ना?

प्रयोगवही

हो, २००० साली जाहीर झालेल्या सात प्रश्नांपैकी एक. पण तो प्रश्न समीकरणांना नेहमी नीट उत्तर असतं का, असा आहे. ते सुटलं तरी आपला ढग लगेच कळेल असं नाही. हायझेनबर्ग यांचा १९२३ चा प्रबंध याच विषयावर होता, त्यानंतर ते पुंजभौतिकीकडे वळले.

नट_बोल्ट

मी माझी चकती मागं घेत नाही, पण लेव्हल पाइपात ढग चालतो हे बघायला दुकान बंद करून येणार. आणखी दहा फूट पाइप माझ्याकडून.

फळा_खडू

दादा, जरूर या. सोमवारी मुलीला ताईंचं उत्तर सांगितलं. कडेचं मंद पाणी मधे येतं, हे तिनं दोन हात एकमेकांवर घासत करून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे खालच्या इयत्तेतली पोरं आपल्या रांगेत घुसतात तसं." थोड्या वेळानं परत आली. "सर, ढग विरतो तेव्हा त्यातली सगळी पळापळ कुठं जाते?" मी सांगितलं, मोठे भोवरे छोट्यांत, छोटे आणखी छोट्यांत, आणि शेवटी चिकटपणा त्यांची उष्णता करतो. "म्हणजे पाणी तापतं? थर्मामीटर लावू?" तापतं, पण आपल्या थर्मामीटरला कळणार नाही एवढं, म्हटलं. तिला ते फारसं पटलेलं नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर परत लावतोय, या वेळी अठरा फूट, दोन ढगांमधलं अंतर मोजायला. @नट_बोल्ट, पाइप मंगळवारीच पाठवता आला तर बघा. गवंडीमामांना त्यांचा लेव्हल पाइप परत हवाय, आणि तो आतून निळा झालाय.